चेहरा पुसला, चाल राहिली

काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या किंवा हिरव्या चिन्हांची गर्दी, आणि त्या गर्दीतून कुणीतरी हात हलवतंय, नाचतंय, वळून बघतंय. अशा क्लिप तुम्ही पाहिल्या असतील. व्हिडिओ थांबवून जवळून बघितलं तर तिथे माणूस नसतो. टिंबं, अपूर्णविराम, अधिकची चिन्हं, टक्के, हॅश एवढंच असतं. पुन्हा चालू केला की माणूस परत येतो.

मी अशा क्लिप बनवते. हौस म्हणून सुरू केलं, आता बऱ्यापैकी जमतं. आणि हे करता करता एक प्रश्न समोर येऊन बसलाय. तो कलेचा वाटतो, पण खरं तर वागण्याचा आहे. एखाद्या माणसाचं रूपांतर चिन्हांमध्ये केलं की तो माणूस त्यात उरतो का? उरत असेल, तर त्याला विचारायची जबाबदारीही उरते का?

आधी हे होतं कसं ते सांगते, कारण प्रश्न त्या कृतीतच लपलेला आहे.

व्हिडिओ म्हणजे एकामागोमाग येणारी स्थिर चित्रं. सेकंदाला २५ किंवा ३०. सॉफ्टवेअर त्यातलं एकेक चित्र उचलतं आणि त्यावर चौकटींची जाळी टाकतं. प्रत्येक चौकटीत सरासरी किती उजेड आहे ते मोजतं. मोजताना हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त वजन दिलं जातं, लाल रंगाला त्याहून कमी आणि निळ्याला सगळ्यात कमी, कारण आपल्या डोळ्यांनाही उजेड तसाच जाणवतो. मग त्या उजेडाच्या मापाचं चिन्ह त्या चौकटीत बसवतं. पार्श्वभूमी काळी असेल तर अंधारासाठी मोकळी जागा, थोड्या उजेडासाठी टिंब, मग अपूर्णविराम, मग अधिक, तारा, हॅश, आणि लख्ख उजेडासाठी ईमेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह. दहा पायऱ्यांची ही शिडी बहुतेक कामांना पुरते.

इथे चिन्हाला अर्थ नसतो, फक्त वजन असतं. ते कागदावर किती शाई खाईल किंवा स्क्रीनवर किती उजेड टाकेल, एवढाच त्याचा उपयोग. आपल्याकडे अक्षरगणेश काढतात तेव्हा उलट असतं. तिथे नावातली अक्षरं वळवून गणपती साकारतो, आणि नाव वाचताही येतं. अक्षर आपला अर्थ सोडत नाही. सॉफ्टवेअरच्या चिन्हचित्रात वाचायला काहीच नसतं. देवनागरीत असं करून बघायचा मोह मला अनेकदा झाला, पण शिरोरेघ आडवी येते. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर उजेडाची एक पट्टी आधीच ठरलेली, शिवाय काना-मात्रा-वेलांट्यांमुळे रुंदी सारखी राहत नाही. जाळीला सगळे घर एकाच मापाचे लागतात.

आता आकडे बघा. साध्या फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. जुन्या पद्धतीच्या टर्मिनलच्या पडद्यावर ८० रकाने आणि २४ ओळी, म्हणजे १,९२० चिन्हं बसतात. भागाकार केला तर उत्तर बरोबर १०८० येतं. मूळच्या एक हजार ऐंशी ठिपक्यांच्या जागी आपण एक चिन्ह ठेवतो. शिवाय मूळ ठिपक्याला लाखो रंग शक्य होते, चिन्हाला दहा पायऱ्या. एवढं सगळं फेकून दिल्यावर जे उरतं, ते त्या माणसाचं कसं काय असू शकेल?

हा युक्तिवाद मी स्वतः कितीतरी जणांना ऐकवलेला आहे. तो चुकीचा का आहे, हे मात्र एका मैत्रिणीच्या क्लिपमुळे नीट समजलं.

ही मैत्रीण लावणी शिकते. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी. तिच्या घरी लावणी आवडीने बघतात. टीव्हीवर लागली की आवाज वाढवतात, कार्यक्रमाला सगळे मिळून जातात. पण घरातल्या मुलीने ती करायची नाही. का, हे कुणी सांगत नाही आणि विचारायची सोयही नाही. तिला तिचं नाचणं लोकांनी बघावं असं वाटत होतं. कुणी ओळखीचं नसलेल्यांनी बघावं, दाद द्यावी, चुका काढाव्यात. माझ्या क्लिप तिने पाहिल्या होत्या. ती म्हणाली, "अगं, मलाही असं चिन्हांचं करून दे ना. मग टाकायला काय हरकत आहे? कुणाला कळणारच नाही."

बारा सेकंदांची क्लिप होती. फोन आडवा धरून घेतलेली, मागे साधी गडद भिंत, अंगावर फिक्या रंगाची नऊवारी. अशा कामासाठी याहून चांगलं चित्रण मिळणं कठीण. सेकंदाला २५ या हिशोबाने तीनशे फ्रेम झाल्या. रंग काढून टाकला, आवाज काढून टाकला, ८० रकान्यांवर आणलं. ती उभी असताना वीस-एक ओळी व्यापत होती. त्यातल्या डोक्याच्या वाट्याला तीन ओळी आणि चार रकाने. म्हणजे अख्खा चेहरा, डोळे, नाक, नथ, टिकली आणि हसू मिळून, बारा चिन्हांत आटोपला होता. बारा चिन्हांत कुणाचाही चेहरा ओळखता येत नाही. मला खात्री होती.

बघून ती खूश झाली. मग तिनेच सुचवलं की बहिणीला दाखवू. धाकट्या बहिणीला क्लासचं माहीत होतं, या क्लिपचं नव्हतं. कोण आहे, काय आहे, काहीही न सांगता फोन तिच्या हातात दिला. चौथ्या-पाचव्या सेकंदाला बहीण म्हणाली, "ताई, ही तूच ना?"

कशावरून, असं विचारल्यावर ती म्हणाली, "गिरकी संपली की तू डावा खांदा आधी सोडतेस. लहानपणी झिम्मा खेळतानाही तुझं तेच असायचं."

मग आम्ही प्रयोग केले. रकाने निम्म्यावर आणले, ८० चे ४०. ओळी बारा. आता पडद्यावर एकूण फक्त ४८० चिन्हं होती आणि चेहऱ्याच्या जागी दोन-तीन ठिपक्यांचा डाग. बहिणीला तरीही ती दिसत होती. क्लिप आरशासारखी उलटी केली, तर डावा खांदा उजवा झाला एवढंच. वीस रकान्यांवर नेलं तेव्हा कुठे बहीण म्हणाली की आता काही कळत नाही. पण तोवर लावणीही कळेनाशी झाली होती. काहीतरी उजळ वर-खाली होतंय, एवढंच उरलं होतं. फ्रेम कमी करून बघितल्या, सेकंदाला आठपर्यंत. ओळख पुसट झाली, पण लय तुटली. ठेका चुकणाऱ्या लावणीला काय अर्थ?

म्हणजे अडचण सॉफ्टवेअरच्या सेटिंगची नव्हती. तिला जे दाखवायचं होतं, त्यातूनच ती ओळखू येत होती. तिचं नाचणं ठेवायचं आणि तिला काढून टाकायचं, असं होऊ शकत नव्हतं.

(हा मजकूर तिला वाचायला दिला होता. तिच्या सांगण्यावरून काही तपशील बदलले आहेत. खांद्याचाही बदलला आहे. खरा तपशील छापला असता तर तिला ओळखायला क्लिपचीही गरज उरली नसती.)

हे तिच्या बहिणीच्या बारीक नजरेपुरतं असतं, तर मी सोडून दिलं असतं. पण माणसाची नजर अशीच घडलेली आहे, याचा पुरावा जुना आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसांच्या सांध्यांवर, म्हणजे खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे, घोटे यांवर उजळ ठिपके बसवून अंधारात त्यांचं चित्रण केलं. पडद्यावर दहा-बारा ठिपक्यांखेरीज काहीही दिसत नाही. माणूस स्थिर असेल तर ठिपक्यांचा अर्थ लागत नाही. तो चालू लागला की बघणाऱ्याला क्षणात कळतं की हा माणूस चालतोय. हे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे १९७७ मध्ये जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी पुढचा प्रश्न विचारला. हे ठिपके तुमच्या ओळखीच्या माणसांचे असतील तर? एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांना एकमेकांच्या चालण्याचे फक्त ठिपके दाखवले. नेहमीच ओळख पटली असं नाही, पण नुसत्या अंदाजाने जमलं असतं त्याहून स्पष्टपणे जास्त वेळा पटली.

दहा-बारा ठिपके. माझ्या क्लिपमध्ये १,९२० चिन्हं होती.

आपण फोटोच्या सवयीने विचार करतो, म्हणून इथे फसतो. फोटोत ओळख चेहऱ्यात असते, त्यामुळे चेहरा झाकला की काम झालं असं वाटतं. व्हिडिओमध्ये ओळख वेळेतही असते. पाऊल कधी उचललं, मान किती वेळाने वळली, हसण्याआधी खांदे हलतात का. चिन्हांचं सॉफ्टवेअर रंग फेकून देतं, बारकावे फेकून देतं, पण वेळ जशीच्या तशी ठेवतं. ती ठेवली नाही तर क्लिप बघण्यात मजाच उरत नाही. शिवाय एका फ्रेममध्ये जी कडा एका चौकटीत बुडून जाते, ती पुढच्या फ्रेममध्ये शेजारच्या चौकटीत सरकते, आणि आपली नजर या सगळ्या फ्रेम जोडून एकेका फ्रेममध्ये नसलेला आकार उभा करते. म्हणून थांबवल्यावर माणूस दिसत नाही आणि चालू केल्यावर दिसतो.

आता माझी अडचण. ती क्लिप माझ्याकडे अजून आहे. मैत्रीण म्हणाली, "आत्ता नको. ठेव तुझ्याकडे." मी आजवर बनवलेल्यांपैकी ती सगळ्यात चांगली आहे, यात मला शंका नाही. गिरकी घेताना नऊवारीच्या जागची चिन्हं हॅशवरून टिंबापर्यंत उलगडत जातात, ते बघत राहावंसं वाटतं. ती टाकली तर ज्यांना ती ओळखू येईल अशी माणसं जगात चाळीस-पन्नास असतील. बाकी सगळ्यांसाठी ती फक्त नाचणारी चिन्हं. मग टाकायला काय हरकत आहे? या बाजूने जेवढं म्हणता येईल तेवढं मी स्वतःशी म्हणून बघितलं आहे.

पहिलं म्हणणं: ही आता माझी निर्मिती आहे. जाळी मी ठरवली, शिडी मी ठरवली, उजेड-अंधाराचा समतोल मी साधला.

यात तथ्य आहे, पण किती? हाताने चिन्हचित्रं काढणाऱ्यांचा विचार केला की ते मोजता येतं. इंग्लंडच्या फ्लोरा स्टेसी यांनी १८९८ मध्ये टाइपरायटरवर काढलेलं फुलपाखरू आजही दाखवलं जातं. मुंबईत चंद्रकांत भिडे यांनी बँकेतली नोकरी करता करता टाइपरायटरवर माणसांचे चेहरे काढले. टाइपरायटरवर खोडता येत नाही. कागद वर-खाली सरकवत, एकेक कळ कितीदा आणि किती जोरात दाबायची ते ठरवत चित्र करावं लागतं. न्यूझीलंडच्या सायमन जॅन्सन यांनी १९९७ मध्ये 'स्टार वॉर्स' हा अख्खा चित्रपट चिन्हांत करायला घेतला, तोही फ्रेममागून फ्रेम हाताने रचत. या तिघांच्या कामात प्रत्येक चिन्हामागे एक निर्णय आहे. माझ्या क्लिपमध्ये तीनशे फ्रेम आणि प्रत्येकी १,९२० चिन्हं, म्हणजे पाच लाख शहात्तर हजार चिन्हं आहेत. त्यातल्या एकाही चिन्हाची जागा मी ठरवलेली नाही. मी काही नियम ठरवले. चिन्हाने कधी आणि कुठे हलायचं, हे तिच्या शरीराने ठरवलं. ते शरीर तसं हलायला शिकावं म्हणून तिने कितीतरी शनिवार घालवले. सॉफ्टवेअरला तीस सेकंद लागले.

मशीनने केलेलं काम हलकं, असं मला म्हणायचं नाही. यान हुबिच्का आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९७ च्या सुमारास 'एएलिब' हा प्रोग्राम लिहिला, तेव्हापासून कुठलाही व्हिडिओ आपोआप चिन्हांत दिसू लागला. व्हीएलसी प्लेअरच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीतही तसा पर्याय देण्यात आला. ही कल्पकताच आहे. पण काम आपोआप होतं तेव्हा बनवणारा त्या माणसाकडे एकदाही नीट न बघता त्याचं चित्र करू शकतो. टाइपरायटरवर चेहरा काढणाऱ्याला ती सोय नव्हती.

दुसरं म्हणणं: कला म्हणून हे आधीही झालेलं आहे, आणि कुणी हरकत घेतली नाही.

यासाठी १९६६ सालच्या एका चित्राची गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन नोल्टन आणि लिऑन हार्मन या दोन संशोधकांनी एका फोटोचं कॉम्प्युटरच्या मदतीने छोट्या चिन्हांत रूपांतर केलं. फोटो होता पहुडलेल्या नग्न स्त्रीचा. चित्राची लांबी सुमारे १२ फूट. जवळून बघितलं तर नुसती चिन्हं, मागे सरकत गेलं की स्त्री. एक वरिष्ठ अधिकारी गैरहजर असताना त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर ते गंमत म्हणून लावलं गेलं. तिथून ते उतरवण्यात आलं, आणि संस्थेचं नाव याला जोडू नका असं या दोघांना सांगितलं गेलं. पण ११ ऑक्टोबर १९६७ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते छापलं. मोठ्या वृत्तपत्रात आल्यावर सूर बदलला. आता, हे काम बेल लॅब्जमध्ये झालं हे आवर्जून सांगा, अशी सूचना आली. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनात होतं.

ही गोष्ट बहुतेक वेळा संस्थेच्या दुटप्पीपणाची म्हणून सांगितली जाते, आणि ऐकणारे हसतात. मला त्यात दुसरंच दिसतं. संस्थेचं नाव यात यावं की येऊ नये, याची चर्चा झाली. दोन संशोधकांची नावं कॉम्प्युटर कलेच्या इतिहासात पक्की झाली. चित्रात जी दिसते तिचं नाव डेबोरा हे. ती स्वतः नर्तिका, पुढे नामवंत नृत्यरचनाकार झाली. किश्शात ती बहुधा 'एक नग्न स्त्री' म्हणूनच येते. तिची संमती होती की नव्हती यावर मी इथे काही म्हणत नाही. मला दिसतं ते एवढंच की माणसाची चिन्हं झाली की सांगणाऱ्यांना त्याचं नाव घ्यायची गरज वाटेनाशी होते.

तिसरं उदाहरण स्लोव्हेनियाच्या वुक चोसिच यांचं. १९९८ मध्ये त्यांनी गाजलेल्या चित्रपटांचे तुकडे चिन्हांत रूपांतरित केले. त्यात 'बॅटलशिप पोटेम्किन', 'किंग काँग', 'सायको' होते. ते बघताना आनंद का होतो? कारण आपण ते चित्रपट आधी पाहिलेले असतात. हिरव्या चिन्हांच्या चिखलातून 'सायको'तला शॉवरचा प्रसंग वर येतो तो आपल्या आठवणीतून. ज्याने 'सायको' पाहिला नाही त्याला नुसती चिन्हं दिसतील. चिन्हं अर्धं काम करतात, उरलेलं अर्धं बघणाऱ्याची आठवण करते.

आणि इथे तिसरं म्हणणं कोसळतं. ते असं होतं: फक्त ओळखीच्यांनाच तर ती ओळखू येईल.

ओळख लपवणं म्हणजे नेमकं कुणापासून लपवणं? आपण समजतो की गर्दीपासून. लाखो अनोळखी लोकांपैकी कुणाला ती कळणार नाही, म्हणून ती सुरक्षित. पण अनोळखी लोकांची तिला भीती नव्हतीच. त्यांच्यासाठी तर तिला नाचायचं होतं. भीती होती ती चाळीस-पन्नास लोकांची. काका, मावशी, सोसायटीतल्या काकू, कॉलेजातला कुणीतरी. ज्यांनी तिला लग्नाच्या वरातीत पाहिलंय, भोंडल्यात पाहिलंय, जिना उतरताना पाहिलंय. चिन्हांचा पडदा जगातल्या सगळ्यांसाठी जाड आणि नेमका या लोकांसाठी पातळ असतो. कारण त्यांच्याकडे उरलेलं अर्धं आधीपासून आहे.

हे फक्त लावणीपुरतं नाही. बातम्यांमध्ये चेहऱ्यावर चौकोन टाकून बोलायला बसवलेली माणसं आपण रोज बघतो. लिऑन हार्मन यांनीच १९७३ मध्ये अब्राहम लिंकनचा फोटो अवघ्या काही मोठ्या चौकोनांत करून दाखवला होता. डोळे किलकिले केले किंवा लांबून बघितलं की लिंकन दिसतो. आपल्या कायद्यालाही हे एका ठिकाणी कळलेलं आहे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करण्याबद्दलचं जे कलम आहे, पूर्वी दंड संहितेतलं २२८-अ आणि आता भारतीय न्याय संहितेतलं ७२, ते फक्त नाव छापायला बंदी करून थांबत नाही. जिच्यावरून ओळख कळू शकेल अशी कुठलीही गोष्ट छापायला ते मनाई करतं. माझ्या मैत्रिणीची गोष्ट त्या जातीची नाही, आणि तुलना मी करत नाही. पण त्यामागचा विचार उचलण्यासारखा आहे. तिथे काय झाकलं याचा हिशोब नाही, कुणाला काय कळू शकतं याचा आहे.

शेवटचं म्हणणं सगळ्यात मोहात पाडणारं होतं. तिने क्लिप स्वतःच्या हाताने दिली, चिन्हांत करायला स्वतःच सांगितलं, म्हणजे परवानगी होतीच की.

होती, पण एका अटीवर. 'कुणाला कळणार नाही' हे तिचं वाक्य परवानगीचाच भाग होतं. ते खोटं ठरलं तेव्हा परवानगीही संपली. संमती एकदा घेतली की खिशात राहत नाही. ती ज्या समजुतीवर दिलेली असते, ती समजूत कोसळली की पुन्हा विचारावं लागतं. मी विचारलं, आणि उत्तर मिळालं. आत्ता नको. त्यात 'आत्ता' हा शब्द आहे म्हणून मी फाइल पुसली नाही, आणि 'नको' हा शब्द आहे म्हणून टाकली नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढा विचार करत बसलो तर रस्त्यावरची, बाजारातली, मिरवणुकीतली एकही क्लिप वापरता येणार नाही. मला तसं वाटत नाही. हजारोंच्या ढोल-पथकातला एखादा वादक आणि चौकटीच्या मध्यभागी एकटं असलेलं माणूस यांत फरक आहे. सार्वजनिक मंचावर स्वतःच्या नावानिशी नाचणारी कलावंत आणि घरच्यांपासून लपून शिकणारी मुलगी यांतही आहे. प्रत्येक वेळी लेखी संमतीपत्र घ्या, असं कुणी म्हणत नाही. पण प्रश्न विचारायचा तो 'चेहरा दिसतोय का' असा विचारून भागत नाही. 'हिच्या घरच्यांपैकी कुणी हे बघितलं तर?' असा विचारावा लागतो. आणि त्याचं उत्तर बनवणाऱ्याला स्वतःला देता येत नाही, कारण बनवणारा ते कुटुंब नसतो. मला तिच्या खांद्याचं काहीच माहीत नव्हतं. बहिणीला होतं.

म्हणून हल्ली कुणाचीही क्लिप चिन्हांत केली की मी ती आधी त्या माणसाकडे परत पाठवते, आणि सांगते की तुला जवळून ओळखणाऱ्या कुणाला तरी न सांगता दाखव. बरेच जण हसतात. म्हणतात, अगं, नुसती टिंबं तर आहेत. दोनेक दिवसांनी बहुतेकांचा मेसेज येतो. कुणी लिहितं, आईने लगेच ओळखलं, टाक बिनधास्त. कुणी लिहितं, आजोबांची मान हलवायची लकब अगदी तशीच दिसते, ही मला कायमची ठेवायला दे. आणि कधीतरी कुणी एवढंच लिहितं, नको टाकूस. कारण विचारायचा अधिकार मला नाही, आणि मी विचारतही नाही. मग फाइलच्या नावापुढे 'नको' लिहिते आणि पुढच्या कामाला लागते.